पान दोनशे एकोणीस

नांदवेळच्या शाळेत पुस्तक उघडायची एक पद्धत होती, आणि ती चुकली की बोटं सुजायची.

आधी पुस्तकाच्या शेवटची सूची काढायची. सूचीत शब्द शोधायचा, त्यापुढचा पानाचा आकडा तोंडाने म्हणत पान उलटायचं. ओळ सापडली की तिच्याखाली उजव्या हाताची तर्जनी ठेवायची आणि मोठ्याने सांगायचं, पान अमुक, ओळ अमुक. त्यानंतर जे छापलं असेल तेवढंच वाचायचं. अंबिकाबाई हातात रूळ घेऊन मागे उभ्या असत आणि मनात साठपर्यंत मोजत. साठाच्या आत ओळ सापडली नाही तर एक रूळ. सापडली, पण वाचताना पदरचा शब्द घातला, तर दोन.

बाबाजी नावाच्या एका मुलाने एकदा हत्तीची माहिती वाचताना शेवटी म्हटलं, "हत्तीला केळी लई आवडतात."

"कुठे लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"लिहिलं न्हाय बाई. पन आवडतात. मी श्रीवर्धनला सर्कशीत बघितलंय."

"तू काय बघितलंस ते तुझ्या आईला सांग. इथे छापलं आहे तेच वाचायचं."

दोन रूळ बसले. बाबाजीच्या बोटाचं नख काळं झालं आणि महिन्याने पडलं. वर्गाने ते रोज मधल्या सुट्टीत पाहिलं. पदरचा शब्द घालायची हिंमत पुन्हा कुणी केली नाही.

ही पुस्तकं गावचे वाडीवाले महादेवराव यांनी दिली होती. सगळा गाव त्यांना भाऊ म्हणे. त्यांचे मुंबईचे वकील काका वारले तेव्हा पुस्तकांचं कपाट बोटीतून आलं. घरात ठेवायला जागा नव्हती, म्हणून भाऊंनी ते शाळेला दान केलं आणि कपाटावर आपलं नाव रंगवून घेतलं. आत दोन शब्दकोश होते, एक नकाशांचं पुस्तक, प्राण्यांवरचा एक जाडा ग्रंथ, वैद्यकाचा एक, आणि सगळ्यांत तळाशी कातडी बांधणीचं जिल्ह्याच्या माहितीचं जुनं पुस्तक. भाऊंनी त्यातलं एकही कधी उघडलं नव्हतं.

अंबिकाबाई मूळच्या तळे गावच्या. सतराव्या वर्षी लग्न झालं, एकोणिसाव्या वर्षी नवरा विषमज्वराने गेला. त्यांचा सख्खा भाऊ दिनानाथ त्यांना माहेरी घेऊन आला. तिथे वहिनी होती, कोकिळा. ती ओरडत नसे. जेवायला बसलं की हळू आवाजात विचारी, "वन्सं, अजून भात वाढू, की आज एवढ्यावर भागेल?" रोज विचारी. दोन वर्षं विचारलं. शेवटी अंबिकाबाई फायनलची परीक्षा पास झाल्या, पुण्याला ट्रेनिंगला गेल्या आणि १९५०च्या जूनमध्ये नांदवेळला लागल्या. इथे त्यांना एक खोली होती. तिला कुलूप होतं, आणि चावी त्यांच्या कमरेला होती. भात किती घ्यायचा ते त्या स्वतः ठरवत.

पण नोकरी तात्पुरती होती. दर वर्षी स्कूल बोर्डाकडे शाळा समितीचा अभिप्राय जाई, आणि समितीचे अध्यक्ष भाऊ. सहा वर्षं अभिप्रायात ते एकच वाक्य लिहीत, "काम पाहून पुढे कळवू." सातव्या वर्षी त्यांनी बाईंना ओटीवर बोलावलं.

"अंबिकाबाई, फेब्रुवारीत दिपोटी साहेब तपासणीला येतायत. त्याच दिवशी तळ्यावर पाटी बसवायची आहे. साहेबांच्या हस्ते. आमच्या आजोबांनी तळं बांधलं, त्यांच्या नावाची."

"हो, ऐकलं."

"तुमच्या पोरांचा तो पुस्तकाचा खेळ दाखवा साहेबांना. साहेब खूश झाले की त्याच दिवशी तुम्हाला कायम करून टाकू." भाऊंनी सुपारी कातरली. "आणि नाही झाले, तर बोर्डाकडे ट्रेनिंग झालेल्या पुष्कळ मुली बसल्यात म्हणे. तुमचे बंधू तळे गावीच असतात ना? घर मोठं आहे त्यांचं."

तळ्यावर पाटी कशासाठी, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊंना सुपारीच्या वाडीसाठी तिथे पाणी ओढायचं इंजिन बसवायचं होतं. आजोबांचं तळं म्हणजे नातवाचं पाणी. कोळवाड्यातल्या बाया उन्हाळ्यात तिथून पाणी नेत, त्या कुरकुरत होत्या. पण पाटीवर अक्षरं कोरून झाली होती, आणि कोळवाड्यात अक्षर वाचता येणारी एकच होती. अकरा वर्षांची राही.

राही पाचवीत होती, ठमाबाई कोळिणीची मुलगी. बाप होडीवर. शाळेत आली तेव्हा तिच्या अंगाला वास येतो म्हणून मुली तिच्याशेजारी बसत नसत, आणि अंबिकाबाईंनीही तिला खिडकीशी वेगळी बसवली होती. पण पुस्तकावर तिचं बोट पडलं की वर्ग गप्प होई. साठ सोडा, वीस मोजायच्या आत तिला ओळ सापडे. रुळाचा मार तिने पहिल्या वर्षी खाल्ला तेवढाच. अंबिकाबाई तिची स्तुती कधी करत नसत. मात्र रात्री भात शिजताना त्यांच्या मनात येई की ही मुलगी आपण घडवली, आणि मग त्या थोडं तूप जास्त घेत.

तपासणीला तीन आठवडे असताना त्यांनी तयारीसाठी कपाट रिकामं केलं. जिल्ह्याच्या पुस्तकात नांदवेळ आहे का म्हणून सूची काढली. होतं. पान दोनशे एकोणीस. "गावाचे पूर्वेस चिरेबंदी तळें आहे. नीराबाई कोळीण इचे नवऱ्याचें गलबत बुडालें, त्याचे नांवें तिनें हें तळें शके १७२२ मध्यें बांधविलें."

त्यांनी ते तीनदा वाचलं. पान फाडायला त्यांनी कोपरा चिमटीत धरला. पण छापलेलं पान त्यांच्याने फाटेना. त्यांनी पुस्तक कपाटाच्या तळाशी ठेवलं, वर नकाशे रचले आणि कुलूप लावलं.

गुरुवार, १४ फेब्रुवारी १९५७. भाऊंच्या घरी जेवून साहेब दुपारी अडीचला शाळेत आले. मागून भाऊ, समितीचे चार सभासद. ओसरीवर गावातली माणसं जमली होती. साहेबांसाठी सकाळी मासळी घेऊन आलेली ठमाबाईही दाराशी उभी होती. आपली मुलगी साहेबांपुढे वाचणार, हे तिला कुणी तरी सांगितलं होतं. तिने धुवट लुगडं नेसलं होतं.

राहीने ध्रुवतारा काढला, सर्पदंश काढला, आफ्रिकेतली नदी काढली. साहेब मांडीवर बोटं वाजवत होते. मग उठून कपाटाशी गेले आणि नकाशे बाजूला सारून तळातलं पुस्तक त्यांनीच ओढून काढलं.

"वा! हे पुस्तक तुमच्याकडे आहे? मुली, यात तुझं स्वतःचं गाव शोध पाहू."

"साहेब, ते फार जुनं आहे," अंबिकाबाई म्हणाल्या. "पानं सुटतात."

"सुटू देत. शोध गं."

अंबिकाबाईंनी सवयीने मनात मोजायला सुरुवात केली. चौदावर राहीचं बोट ओळीखाली आलं.

"पान दोनशे एकोणीस, ओळ सहा." आणि तिने वाचलं. स्वच्छ, एकेक शब्द सुटा. नीराबाई कोळिणीपाशी तिचा आवाज किंचित चढला, पण तिने पदरचं काही घातलं नाही.

ओसरीवर कुणीतरी खोकलं. भाऊ हसले. राग आला की ते हसत.

"अंबिकाबाई, पोरीला वाचता येतं ना नक्की? की मासळीच्या पाटीवर लिहिलेलं वाचतेय?"

सभासद हसले. साहेबांनी पुस्तकाकडे हात केला, मग भाऊंकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. "माझा चष्मा ओटीवर राहिला वाटतं," ते म्हणाले. चष्म्याचं घर त्यांच्या कोटाच्या खिशातून दिसत होतं. "बाई, तुम्हीच बघा. मुलगी चुकली असेल. लहान आहे."

सगळे अंबिकाबाईंकडे पाहू लागले. त्यांच्या कानात एवढंच वाजत होतं, अजून भात वाढू, की आज एवढ्यावर भागेल?

"राही," त्या म्हणाल्या, "नीट वाच."

राहीने पुन्हा वाचलं. तेच. अंबिकाबाईंनी रूळ उचलला. बोट ओळीखालीच होतं, तिथेच मारला.

"नीट वाच म्हटलं."

"नीराबाई कोळीण इचे..."

दुसरा रूळ. राहीने बोट हलवलं नाही, कारण वाचून होईपर्यंत बोट हलवायचं नाही असं बाईंनीच शिकवलं होतं. तिने एकदा पानाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. काय चुकतंय ते तिला खरोखरच कळत नव्हतं. अक्षरं तिने पुन्हा लावून पाहिली. ओठ हलले. "नी," ती पुटपुटली, "रा..."

तिसरा रूळ. मग अंबिकाबाई वाकल्या. त्यांनी आपलं बोट राहीच्या सुजत चाललेल्या बोटावर दाबून धरलं आणि ओळ संपेपर्यंत ते सरकवत नेलं. "हे तळे महादेवरावांच्या आजोबांनी बांधविले. हे लिहिलंय इथे. म्हण."

दाराशी ठमाबाई पुढे सरली. "बाय, माजी पोर खोटा न्हाय वाचायची. मला वाचता येत न्हाय. तुमीच सांगा, बुकात काय हाय?"

"तुझी मुलगी चुकली, ठमाबाई."

ठमाबाई क्षणभर उभी राहिली. बाईंचा शब्द तिला देवाचा होता. पोरीला शाळेत घालताना नवऱ्याशी तेवढ्यावरच भांडली होती ती. ती आत आली आणि सगळ्यांदेखत तिने राहीच्या मुस्काटात मारली. "साऱ्या गावाम्होरं लाज काडलीस! बाय सांगते तां वाच!"

राहीने पानावर बोट ठेवून म्हटलं, "हे तळे महादेवरावांच्या आजोबांनी बांधविले."

"आता कसं!" भाऊ म्हणाले. साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, "वाचन समाधानकारक." ते लिहिताना मात्र त्यांना चष्मा सापडला.

संध्याकाळी पाटी बसली. एप्रिलात इंजिन आलं. मे महिन्यात कोळवाड्यातल्या बाया पाऊण मैल लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या, आणि ठमाबाई त्यांच्यात होती. वाटेत बाया तिला बोलत. "ठमे, तुज्या लेकीनं वाचलं म्हनून साहेबानं पाटी लावली बग." जूनच्या पहिल्या आठवड्यात अंबिकाबाईंना कायम केल्याचा हुकूम आला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी केली आणि खोलीला कुलूप लावून शाळेत गेल्या.

राही शाळेत येत होती. अंबिकाबाईंना वाटलं होतं की आई तिला काढून घेईल, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं, असंही त्यांना वाटलं होतं. पण ठमाबाई म्हणे, बायचा शब्द ऐकायला शिकू दे. राही खिडकीशी बसे. तिच्या बोटाचं हाड थोडं वाकडं बसलं होतं. सहावीच्या वर्गात तीन महिने बाईंनी तिला एकदाही पुस्तकाशी बोलावलं नाही. इतर मुलं चाचपडत, साठ उलटून जात, रूळ बसत.

ऑगस्टात एकदा किनाऱ्यावर मेलेला देवमासा लागला. सगळा गाव बघून आला. वर्गात मुलं भांडू लागली. कुणी म्हणे वीस हात, कुणी म्हणे होड्या लावल्या तर तीन होड्या. बाबाजी म्हणाला, "जगातला सगळ्यांत मोठा केवढा असेल, बाई?"

अंबिकाबाईंनी प्राण्यांचा ग्रंथ काढला. का कोण जाणे, त्यांच्या तोंडून जुन्या सवयीने निघून गेलं, "राही, ये."

राही आली. सूची, आकडा, पान. अकरावर तिचं बोट ओळीखाली थांबलं. "पान तीनशे चार, ओळ दोन," ती म्हणाली. आणि थांबली. मान वर करून तिने बाईंकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, खोडी नव्हती. शिकलेलं नीट करून दाखवायची तीच जुनी धडपड होती.

"बाई, काय वाचू?"

"काय म्हणजे? लांबी वाच."

"व्हय. पन काय वाचू?"

वर्ग हसला नाही. चाळीस मुलं बाईंकडे पाहत होती, काय ते बाईंनीच सांगावं, असं त्यांनाही वाटत होतं.

"अगं, किती आहे ते सांग. असेल पन्नास-साठ फूट."

राहीने मान खाली घातली, वाकडं बोट ओळीखालून सरळ शेवटापर्यंत नेलं आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा, वाचलं, "सगळ्यांत मोठा देवमासा पन्नास-साठ फूट असतो."

अंबिकाबाई पुढे झाल्या. बोटाच्या वर छापलं होतं, नव्वद फूट. मागे टाक दौतीत बुडत होते, कागदावर कुरकुरत होते.

"बाई, उतरवून घेऊ?" बाबाजीने विचारलं.

अंबिकाबाईंनी पुस्तक मिटलं. राहीला बोट काढायला उशीर झाला, ते क्षणभर पानांत अडकलं.

"घ्या," त्या म्हणाल्या.