आरे-वारेच्या वळणावरचं गाऱ्हाणं

माडेवाडीच्या भागोजी गोताडला देवाने एकच गोष्ट सढळ हाताने दिली होती, ती म्हणजे आवाज. बाकी सगळ्यात हात आखडता. जमीन म्हणाल तर कातळावरचा एक तुकडा, त्यात पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात चटके. शिक्षण सातवीपर्यंत, तेही मास्तर दयाळू म्हणून. पण देवळात गाऱ्हाणं घालायला उभा राहिला, की खालच्या वाडीतल्या म्हशी रवंथ करायच्या थांबतात असं लोक म्हणत. म्हशींचं मला ठाऊक नाही, पण माणसं थांबत हे खरं.

गाऱ्हाणं घालायचं म्हणजे गावाच्या वतीने देवीशी बोलायचं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी दर मागणीला 'व्हय म्हाराजा' म्हणत त्याच्या पाठीशी उभं राहायचं. माडेवाडीत हा मान गोताडांच्या थोरल्या घराचा. भागोजीच्या आज्याने घातलं, बापाने घातलं, आणि बाप गेल्यावर एकोणऐंशी सालापासून भागोजी घालत आला. एरवी गावात त्याला कोण विचारतो? भावकीच्या बैठकीत खांबाला टेकून बसायचं आणि चहा आला की प्यायचा. पण शिमग्यात पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर बसली आणि भागोजी नारळ हातात घेऊन उभा राहिला, की सरपंचसुद्धा टोपी काढून त्याच्या मागे उभा. त्या पाच मिनिटांच्या जिवावर हा माणूस वर्ष काढायचा. ती पाच मिनिटं गेली तर त्याच्यापाशी काय उरलं असतं, हे त्याला विचारायची कुणाला गरज पडली नव्हती.

रत्नागिरीच्या उन्मेषची आणि त्याची गाठ पडली दोन हजार दोन साली. उन्मेषने तेव्हा नवी मिनीबस घेतली होती आणि 'एक दिवस रत्नागिरी दर्शन' असा बोर्ड एसटी स्टँडसमोर लावला होता. सकाळी भाट्याच्या किनाऱ्याची पुळण, मग थिबा पॅलेस, भगवतीचा किल्ला, मग शिरगाववरून किनाऱ्याकिनाऱ्याने आरे-वारे, नेवरे, गणपतीपुळे. तिथे दर्शन आणि उकडीच्या मोदकाचं जेवण, आणि दिवे लागायच्या आत परत. सव्वीस सीट. माहिती सांगायला बोलका माणूस हवा होता. भागोजीची कॅनिंगच्या कारखान्यातली हंगामी कामं तोवर बंदच पडली होती. तो आला, माइक हातात घेतला, फुंकर मारली आणि म्हणाला, "डावीकडे बघा, समुद्र. उजवीकडे बघा, हापूस. दोन्ही फुकट, फक्त बघायला." पुण्याची माणसं खोखो हसली. उन्मेषने त्याला तिथेच ठेवून घेतला.

गाऱ्हाणं बसमध्ये शिरलं ते असंच, न बोलावता. दुसऱ्याच महिन्यात आरे-वारेच्या चढावर बसने मान टाकली. ड्रायव्हर बॉनेट उघडून शिव्या घालतोय, बाया घाबरलेल्या, खाली कड्याशी समुद्र आपटतोय. भागोजीच्या तोंडून सवयीने निघालं, "हे बा म्हाराजा, बारा गावच्या, बारा वेशींच्या..." आणि एका कॉलेजच्या पोराने मागून आरोळी दिली, "व्हय म्हाराजा!" मग सगळ्यांनीच धरलं. दोन मिनिटांत बस सुरू झाली. झाली ती ड्रायव्हरने वायर खोचली म्हणून, पण लोकांना ते पटेना.

"मामा, हे रोज करायचं," उन्मेष म्हणाला. "त्याच वळणावर. गाडी थांबवायची, नारळ फोडायचा, गाऱ्हाणं घालायचं. लोक हेच लक्षात ठेवून जातात."

भागोजी घुटमळला. घरी बायकोला, यमुनेला सांगितलं. तिने भाकरी थापता थापता विचार केला आणि म्हणाली, "पोटासाठी हाय, करा. पन आयचं नाव तेवडं घेऊ नुका हां."

हा तोडगा त्याला मानवला. कारण नाव घेतल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही. पत्ता न घातलेल्या पाकिटासारखं ते हवेतच राहतं. गावात तो देवीचं नाव घेऊन, 'हे आई नवलाई' म्हणून सुरुवात करी. बसमध्ये नुसतं 'बा म्हाराजा'. तीन वर्षं त्याने हे पाळलं. त्या गाऱ्हाण्याला हळूहळू बसचं वळण लागलं. 'बारा वेशींच्या' म्हणताना तो आवाज लांबवायचा, डावा हात समुद्राकडे न्यायचा, थांबायचा आणि मग म्हणायचा, "या बसमधली जी जोडपी सकाळपासून बोलत नाहीत, त्यांना बोलतं कर रे म्हाराजा!" तिथे हशा ठरलेला. सासवासुनांवर एक होतं, मुंबईच्या पाण्यावर एक होतं. नावच नाही, तर देवीला कशाचा राग यावा, असा त्याचा हिशेब होता.

आता दोन हजार पाचच्या शिमग्याआधीचा रविवार. त्या दिवशी सव्वीसच्या सव्वीस सीट मुंबईच्या एका ऑफिसातल्या लोकांनी घेतल्या होत्या, आणि त्यांना घेऊन आला होता आत्माराम. हा भागोजीचा चुलत भाऊ, वयाने थोरला, माडेवाडीच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष. शिमग्याची वर्गणी, पालखीची चांदी, देवळाचं पत्र्याचं छप्पर, सगळं त्याच्या शब्दावर चालायचं. तो शेवटच्या सीटवर बसला, डोक्यावर रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा.

"भागोजी, म्या ह्या सगळ्यांना सांगून आनलंय, आमच्या भावाची गंमत बघा म्हनून," तो चढतानाच म्हणाला होता.

भागोजी लाजला. खरं सांगायचं तर हरखला. आत्मारामने चारचौघांत त्याला 'आमचा भाऊ' म्हटलं, ही आयुष्यातली पहिली वेळ असावी. त्या दिवशी तो असा बोलला की ड्रायव्हर दोनदा आरशातून बघत राहिला. थिबा राजाचं एकटेपण सांगताना बायांचे डोळे ओलावले, किल्ल्यावर भुयाराची गोष्ट सांगताना सगळे एकमेकांना चिकटले. आत्माराम मागून टाळ्या वाजवत होता.

साडेअकराला बस वळणावर थांबली. खाली दोन्ही पुळणी पांढऱ्या, मध्ये सुरूची बनं, समुद्र नुसता चमकत होता. भागोजी खाली उतरला, माणसं त्याच्याभोवती उभी राहिली. त्याने नारळ हातात घेतला.

"बा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वेशींच्या..."

"व्हय म्हाराजा!"

मुंबईच्या लोकांनी तो होकार असा उचलला, की कड्यावरचे कावळे उठले. सव्वीस गळे, आणि त्यातला एक गावचा, पट्टीचा. माडेवाडीत गेली काही वर्षं काय उरलं होतं? अकरा म्हातारे. त्यांतल्या तिघांना दमा. भागोजी देवळात जीव तोडून मागायचा आणि मागून 'व्हय म्हाराजा' यायचं ते कुणी झोपेत हुंकार द्यावा तसं. बापाच्या वेळी देऊळ दणाणायचं, ते त्याने लहानपणी ऐकलं होतं. आज तो आवाज त्याला पुन्हा ऐकू आला. अंगावर काटा आला. त्याला हसवायचं आठवेना. जोडपी, सासवा, सगळं विसरला. डोळे मिटले गेले आणि तोंडातून निघालं:

"हे आई नवलाई! आज ही जी लेकरं तुझ्या वाटेवर उभी हायत, त्यांची घरंदारं, पोरंबाळं सुखात ठेव. कुनी वाकडं केलं असेल, नजर लावली असेल, तर बारा कोस लांब ने गो आये!"

"व्हय म्हाराजा!"

पंचवीसच. एक गळा गप्प होता, आणि तो कोणाचा हे भागोजीला डोळे न उघडता कळलं. सव्वीस वर्षं ज्याला मागे उभं राहून कोणी ना कोणी होकार देत आलं, त्याला उणा पडलेला होकार समजतोच. त्याने डोळे उघडले. आत्मारामने चष्मा काढला होता. एका बाईने विचारलं, "आणखी एकदा म्हणाल का, व्हिडिओ काढायचा राहिला." भागोजीने नारळ दगडावर आपटला आणि गाडीत जाऊन बसला.

गणपतीपुळ्याला माणसं मोदक खात असताना आत्माराम त्याच्याजवळ आला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"गंमत करतोस तर कर, भागोजी. म्या पन हसलो. पन आयचं नाव? ह्या हाफ पॅन्टवाल्यांसाठी?"

"दादा, म्या गंमत नाय केली. खरंच मागितलं."

"मग तर आनखीन वाईट," आत्माराम म्हणाला. "गावाचा मान हाय तो. गावाला सोडून कुनासाठी मागायचा तुला हक नाय."

भागोजी पाण्याचा जग उचलून माणसांकडे गेला. दोघांत खरं कोणाचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गुरुवारी सकाळी भावकी देवळात बसली. भागोजी आपल्या खांबाशी. आत्माराम म्हणाला, माझ्या मनात त्याच्याविषयी काही वाईट नाही, पण बाटलेल्या गाऱ्हाण्याने पालखी उठवायची का? कुणी म्हणालं, चूक झाली, नारळ देऊन मिटवा. कुणी म्हणालं, असं मिटवत गेलो तर उद्या पालखीपण बसमधून फिरेल. शेवटी शिवा गुरवाने तोंड उघडलं. "आपन कोन ठरवनार? आयला इचारू. कौल लावू."

हे ऐकून भागोजीचा चेहरा उजळला. माणसांवर त्याचा भरवसा नव्हता, देवीवर होता. त्याने त्या दिवशी किती खरेपणाने मागितलं, ते बघणारी तीच एक होती. तो उठून म्हणाला, "लावा. उजवा पडला तर म्या उभा ऱ्हानार. डावा पडला तर ह्या घरचा मान संपला."

शिवाने देवीच्या पाषाणाच्या दोन खांद्यांवर पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या. मग अडलं. कौल लावायचा तर आधी गाऱ्हाणं हवं, आणि गाऱ्हाणं घालायचा मान अजून भागोजीचाच. दुसऱ्या कोणाचं देवी ऐकणार कशी? अकराही माणसं त्याच्याकडे बघू लागली. म्हणजे मला काढू का, हे देवीला विचारायचं तेही भागोजीनेच.

तो उभा राहिला. हात जोडले.

"हे आई नवलाई! बारा गावच्या, बारा वेशींच्याऽऽऽ..."

आणि डावा हात उठला. आपोआप. भिंतीकडे गेला, जिकडे वळणावर समुद्र असतो. तो थांबला. तीन वर्षं, आठवड्यातून चार वेळा, तो इथेच थांबत आला होता. इथे लोक हसतात.

कोणी हसलं नाही. कोणी 'व्हय म्हाराजा'ही म्हटलं नाही, कारण वाक्य संपलं की नाही हे कोणाला कळेना. केरू, आत्मारामचा धाकटा भाऊ, खाकरला. भागोजी हात तसाच ठेवून उभा. आपला हा आवाज कोणाचा आहे, ते त्याला आत्ता कुठे ऐकू आलं. त्याने हात खाली घेतला, बापाची चाल आठवायचा प्रयत्न केला, पुढचं कसंबसं म्हटलं. मागून अकरा हुंकार आले. शब्द तेच होते. पण तो देवीशी बोलत नव्हता, कोणालातरी देऊळ दाखवत होता, आणि हे सगळ्यांत आधी त्यालाच कळलं.

डावी पाकळी पडली. फार वाटही बघायला लावली नाही तिने.

आत्मारामने काढलं असतं तर भागोजी भांडला असता. भावकीवर चिडला असता, गाव सोडीन म्हणाला असता, यमुनेने चार शिव्या घातल्या असत्या आणि दोघांना बरं वाटलं असतं. देवीवर कसा चिडणार? तिच्या विरुद्ध गाऱ्हाणं कोणापुढे घालणार? त्याने टोपी घातली, केरूला हाक मारून नारळ त्याच्या हातात दिला आणि कुठल्या ओळीला दम घ्यायचा ते दोन वाक्यांत सांगितलं. केरूचा आवाज बसका. पण त्याला तो एकच होता.

घरी यमुना दारातच उभी होती. वेशीवरूनच तिला कळलं होतं. तिने पाणी दिलं, तो ते घेऊन पडवीत बसला.

शिमग्याला पालखी सहाणेवर बसायची त्याच दिवशी बसची फेरी होती. दर वर्षी त्या दिवशी भागोजीची सुट्टी असे. या वर्षी त्याने आपणहून उन्मेषला सांगितलं, "मी येतो." उन्मेष खूश झाला, होळीच्या सुट्टीत गाडी भरलेली होती, कोल्हापूरकडची मंडळी, पोरंबाळं, डबे, गोंगाट. भागोजीने भाट्ये दाखवलं, थिबा पॅलेस दाखवला, समुद्र आणि हापूस फुकट असल्याचं सांगितलं. लोक हसले.

साडेअकराला वळण आलं. गावात त्याच वेळी ढोल वाजत असणार, केरू उभा राहिला असणार. भागोजी खाली उतरला, नारळ हातात घेतला, माणसं गोळा झाली.

"हे आई नवलाई!" तो म्हणाला, स्वच्छ, भर आवाजात. "बारा गावच्या, बारा वेशींच्याऽऽऽ..." हात समुद्राकडे गेला, तो थांबला, मग जोडप्यांचं म्हणाला, मग सासवासुनांचं. हशा पिकला. "व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी जोरात म्हटलं, एकही गळा कमी नाही. ड्रायव्हरला नवल वाटलं. त्या एका रविवारखेरीज मामा कधी हे नाव घेत नसत.

आता घेतलं तरी काय बिघडत होतं? मान गेल्यावर ते कोणापर्यंत पोचणारच नव्हतं.