छातीवरचा मोगरा

मोगऱ्याचा वास आला की माझं डोकं फिरतं. परवा बुलढाण्याच्या दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या बाईंच्या टेबलावर ओंजळभर फुलं होती. भाचीचं बाळ पोटातच गेलं, म्हणून मी तिला तिथं घेऊन गेले होते. वास नाकात शिरला आणि मी थेट देऊळघाटच्या, सासरच्या त्या बाळंतिणीच्या खोलीत जाऊन पडले.

माझा मुलगा जन्मला तो न रडताच. मला तोंडही न दाखवता त्याला नेऊन पुरलं. पण छातीला ते कुठं ठाऊक? दूध यायचं ते आलंच. मग ते आटावं म्हणून सासूबाईंनी मोगऱ्याची फुलं ठेचून छातीवर ठेवली आणि वरून जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली. सकाळची गार फुलं दुपारपर्यंत कोमट व्हायची, त्यांना आंबूस वास सुटायचा.

"रडू नोको पोरी," त्या म्हणाल्या. "सालभरात दुसरं होईन."

दूध आटलं तसं घरानं हुश्श केलं. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही. तेव्हा मला ती माया वाटली होती. आज संताप येतो. दुधावर सगळ्यांकडे औषध होतं, मला दोन शब्द विचारायला कुणाला तोंड नव्हतं.

बाईंनी भाचीला हळूच विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवणार होतीस?"

तिच्या आधी मीच बोलून गेले, "श्रीधर."

भाचीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. "मावशी, श्रीधर कोन व?"