तेल्यातले पाणी

सोळाव्या वर्षी, वैद्यांनी स्पष्ट बजावलेले असताना, मी सुजलेल्या पायाने निर्जळी तेला धरला. तेला म्हणजे आमच्या जैनांतले लागोपाठ तीन उपास.

वातरक्ताने, म्हणजे पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजवणाऱ्या दुखण्याने, मला चौदाव्या वर्षीच गाठले होते. म्हाताऱ्या शेठजींचे दुखणे पोराला कसे, म्हणून नारायणगावच्या पेठेत हसू झाले. जुन्नरच्या वैद्यांनी सांगितले, "पाणी भरपूर पी, उडीद-कुळीथ टाळ, उपास करू नकोस. नाही ऐकलेस तर सांधा आखडेल आणि जन्मभर काठी धरशील." पण सोळाव्या वर्षी पर्युषणात चुलतभावाने उकळलेल्या पाण्यावर आठ दिवस काढले आणि घरोघरी त्याचे कौतुक सुरू झाले. मला ते बघवेना. मी जुन्नरला साध्वीजी उतरल्या होत्या त्या उपाश्रयात गेलो, दुखरा पाय धोतरात लपवला आणि साध्वीजींकडून पाण्यासकट सगळे सोडण्याचे पच्चक्खाण, म्हणजे नेम, घेतले. वर, एवढी भक्ती पाहून देव अंगठाही बरा करील, असा माझा हिशेब.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगठ्याचे वांगे झाले होते. आईच्या नजरेस पडू नये म्हणून दर्शनाचे निमित्त केले आणि अनवाणी जुन्नरची वाट धरली. वारूळवाडी ओलांडली आणि एका बाभळीखाली बसलो तो उठताच येईना. अंगात ताप, तोंडाला कोरड. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे काही मागितले नाही. मागायला तोंड कुठे होते? म्हटले, आता तुला हवे ते कर.

थोड्या वेळाने तांदूळ विकून परतणारा एक डोंगरातला म्हातारा बैल हाकत आला. माझ्या पायाकडे बघून म्हणाला, "बाळशेठ, ह्ये काय करून घेतलं?" त्याने पाण्याचा भोपळा पुढे केला. मी मान हलवली, नेम सांगितला. त्याने आग्रह केला नाही. "ज्यानं नेम दिला त्यालाच इचारू. चला." मला उचलून त्याने बैलाच्या पाठीवर, रिकाम्या गोण्यांवर बसवले. वाटेत ओढा लागला. बैल थांबला, मान खाली घातली आणि सावकाश, पोटभर पाणी प्याला. त्याच्या पाठीवर बसून मी ते घोट मोजत होतो.

उपाश्रयाच्या ओसरीवर मी सगळे कबूल केले. साध्वीजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजार लपवून घेतलास तो नेम धर्माचा नव्हता, तुझ्या मानाचा होता. तो सोड. प्रायश्चित्त म्हणून वैद्य सांगतील तेवढे पाणी रोज पी, आणि ते परवानगी देईपर्यंत उपासाचे नाव काढू नकोस." उकळून निववलेल्या पाण्याचा तांब्या आला. पहिल्या घोटाबरोबर मला रडू आले. तसा प्रसाद मला पुन्हा कधी मिळाला नाही.

वैद्यांच्या औषधाने आणि पथ्याने महिनाभरात पाय जमिनीवर टेकला. सांधा आखडला नाही. आज काठीशिवाय चालतो तो त्या दिवसाच्या उपकारावर. त्या वाटेने त्या वेळी तो म्हातारा कसा आला, हे मी कोणाला पटवायला जात नाही. मला एवढेच कळले, की माझा हट्ट संपला तिथे मदत उभी होती. आणि मी ज्याला अर्पण म्हणत होतो, तो देवाला घातलेला धाक होता.

म्हातारा मात्र त्या दिवशी माझे पाणी पिऊन होईपर्यंत ओसरीखाली उभा होता. घरी पोचायला उशीर होणार हे त्याला ठाऊक होते, तरी हलला नाही. साध्वीजींनी त्याला माझी सगळी हकीकत सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली, इरले डोक्यावर घेतले, बैलाचा कासरा हातात धरला आणि जाता जाता माझ्याकडे वळून म्हणाला,

"बाळशेठ, राग मानू नका. पन तान लागली की पाणी प्यावं, येवढी अक्कल आमच्या बैलालाबी हाय. आन त्यो तर लई येडा म्हणून भावानं मला फुकट दिलाय."