विहीणबाईंचं ऑफिस

तान रनबीने सव्वीस वर्षं वजडी धुतली. चीनमधल्या छोंगछिंगच्या नदीकाठच्या चढावर हांडीची, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या तर्रीत एकेक जिन्नस बुडवून खायची, एक जुनी खानावळ आहे, तिच्या मागच्या मोरीवर. म्हशीच्या पोटातली ती काळी, खरखरीत पानं एकेक सुटी करायची, मीठ लावून चोळायची, पानापानांत अडकलेला चारा बोटाने काढायचा आणि बर्फाच्या पाण्यात सोडायची. गरम पाणी लागलं की वजडीचा कुरकुरीतपणा गेलाच, म्हणून भर हिवाळ्यातही गारच पाणी. तिच्या बोटांची पेरं सुजून कायमची जाड झाली होती आणि नखांच्या कडेला बसलेला काळेपणा कुठल्याच साबणाला दाद देत नव्हता. गल्लीत तिला त्याची लाज कधी वाटली नाही. उलट जुनी गिऱ्हाइकं आधी मालकाला विचारायची की आजची वजडी तानबाईंनीच धुतलीय ना, आणि मग बसायची.

नवरा लवकर गेला. त्या वजडीवरच तिचा मुलगा ज्याहांग शिकला, इंजिनियर झाला, पार पूर्वेला हांगचौला नोकरीला लागला आणि तिथल्याच मेंगछीशी त्याने लग्न केलं. लग्न म्हणजे कचेरीत जाऊन सही. आईला फोटो आले.

आता सुनेला पाचवा महिना होता. बाळंतिणीचा पहिला महिना सासूने करायचा, हा रनबीच्या मुलखातला रिवाज. इतर बायका त्याला कटकट म्हणत, रनबी हक्क म्हणायची. नातवंडाला पहिलं न्हाऊ मीच घालणार, असं ती गल्लीभर सांगून बसली होती. लाल साखर, सुकी बोरं, सुंठ यांनी तिची एक पेटी अर्धी भरलीसुद्धा होती.

ऑक्टोबरच्या सुट्टीत व्याही-विहीण लेक-जावयासह फिरायला छोंगछिंगला यायचे ठरले. तेव्हा ज्याहांगने आईला फोन केला. त्याने चार वर्षांपूर्वीच सासरी सांगून ठेवलं होतं म्हणे, की आई धान्य खात्याच्या ऑफिसात होती.

"आता खोटा पडलो तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आई. एक जेवण सांभाळून घे. ते खूश झाले ना, की बाळंतपणाला तुलाच बोलावतील. आणि हात जरा टेबलाखाली ठेव."

पोराने आईला न विचारता तिचा जन्म बदलून टाकला होता, आणि ही बाई चिडायची सोडून केस नीट करून घ्यायला गेली. आयांच्या या गुणाचं कौतुक करावं की डोकं फोडून घ्यावं, मला अजून कळलेलं नाही.

तिची खानावळ टाळून त्याने फिरस्त्यांची, कंदिलांची, रांगेत तास घालवायला लावणारी जागा निवडली. तिथे शेनबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, अर्धी बिनतिखटाची पांढरी, अर्धी लाल हांडी मागवली. पोरांच्या आजारपणाखेरीज आमच्याकडे असलं काही कुणी मागवत नाही. वाढणारीने ऑर्डर अशी ओरडून सांगितली की शेजारच्या टेबलावरचे वळून पाहू लागले. रनबी मान खाली घालून बसली.

लाल तर्री उकळू लागली, तिरफळांचा वास नाकात चढला. शेनसाहेबांनी हौसेने वजडीची अख्खी बशी हांडीत ओतली आणि प्रवासातल्या गमती सांगायला लागले. इकडे रनबीचा जीव वरखाली. वजडी आठ वेळा बुडवायची आणि सात वेळा उचलायची, पंधरा अंक मोजेपर्यंत, बस. त्यावर गेली की ती चप्पल. तिने मनात पंधरा मोजले, तीस मोजले, साठ मोजले. मग तिच्याने राहवलं नाही. दुसरी बशी मागवून तिने एक पान काड्यांत धरलं, ओठांतल्या ओठांत मोजत बुडवून उचललं आणि व्याह्यांच्या वाटीत ठेवलं.

शेनसाहेबांनी चावलं तर कुरकुर आवाज आला. ते इतके खूश झाले की म्हणाले, विहीणबाई, तुमच्या हाताला गुण आहे. आणि मग अर्थातच त्यांचं हातांकडे लक्ष गेलं.

"आईला बागकामाचा नाद आहे," ज्याहांग घाईने म्हणाला. रनबी नवव्या मजल्यावरच्या एका खोलीत राहते, तिथे वीतभर कुंडी ठेवायलाही जागा नाही.

शेनसाहेबांनी काड्या खाली ठेवल्या.

"माझी आई बंदरावर मासे साफ करायची, चाळीस वर्षं," ते म्हणाले. "हाताला शेवटपर्यंत वास यायचा बघा. पण मेंगछी झाली तेव्हा महिनाभर त्याच हातांनी तिनं दोघी मायलेकींना सांभाळलं. पोरगी एक दिवस आजारी पडली नाही. कष्टाच्या हातात वाढलेलं मूल टणक निघतं, असं मी हिला नेहमी सांगतो."

शेनबाई हसून हो म्हणाल्या. इतकी वर्षं रनबीच्या हातांबद्दल कुणी असं बोललं नव्हतं, पोटच्या पोरानेही नाही. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मी पण..." तिने सुरुवात केली.

"तिला काय माहीत असणार, बाबा," ज्याहांग म्हणाला. "जन्मभर ऑफिसात खुर्चीवर बसलीय ती."

शेनसाहेब तिच्याकडे बघत थांबले. माणूस सज्जन होता. एक शब्द बोलली असती तर सगळं निस्तरलं असतं. पण तिने मुलाचा चेहरा पाहिला. तो घामाने डबडबला होता आणि भीतीने इतका एवढासा झाला होता, की तिला तो पहिलीतला ज्याहांग वाटला.

"हो," ती म्हणाली. "ऑफिसात होते मी."

तेव्हा शेनबाईंनी तिच्या वाटीत टोफूचा एक तुकडा ठेवला आणि प्रेमाने सांगितलं, "खरं सांगू का विहीणबाई, बाळंतपणाला तुम्हालाच बोलवायचं आमच्या मनात होतं. पण महिना म्हणजे नुसतं राबणं हो, धुणी, शेकशेगडी, जागरणं. ऑफिसातल्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? म्हणून परवाच एक बाई ठरवली. तुमच्याच मुलखातली आहे, हात चांगले दणकट आहेत. तुम्ही आपलं बाळ महिन्याचं झालं की मेजवानीला या, पाहुण्या म्हणून."

रनबीने ज्याहांगकडे पाहिलं. तो उकळत्या तर्रीत झारा घालून काहीतरी शोधत होता, आणि झारा रिकामाच वर येत होता.

"बरं केलंत," ती विहीणबाईंना म्हणाली. "मला कुठलं झेपतंय ते."