बिनटाक्याचं लुगडं

जुनं कापड टाकून देणं मला जमत नाही. नवरा म्हणतो, चार दिवस अंथरुणाला खिळलो तर ही माझ्याही पिशव्या शिवेल. आमच्या घरातले उशांचे अभ्रे जुन्या वेष्ट्यांचे, म्हणजे धोतरांचे, आहेत, दारांचे पडदे साड्यांचे, पायपुसणी त्या पडद्यांची, आणि पायपुसणीही विरली की त्यांच्या चिंध्या समया घासायला जातात. नवऱ्याच्या नोकरीमुळे आठ वर्षं पुण्यात राहिलो, तिथून परत इकडे तमिळनाडूत येताना मी दोन गोष्टी आणल्या: शिवणाचं मशीन आणि ही लिहायची मराठी. घरात आम्ही बोलतो ती मराठी निराळी. पूर्वज तंजावरला आले तेव्हाची, पुढे तमिळमध्ये चांगली मुरलेली. पुण्यातल्या शेजारणी ती ऐकून हसायच्या. मीही त्यांच्याबरोबर हसायचे आणि घरी येऊन नवऱ्यावर चिडायचे.

गेल्या वर्षी अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ऐंशी पूर्ण झाली. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. इथे त्याला शताभिषेकम् म्हणतात. कलशांची पूजा होते, होम होतो आणि म्हाताऱ्या जोडप्याचं पुन्हा एकदा लग्न लागतं, मंगळसूत्रासकट. कार्य घरीच करायचं, मांडव दारातच घालायचा, असं अप्पांनी सांगितलं आणि मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. सजावट माझ्याकडे आली. जुन्या साड्यांचे जरीकाठ उसवून मी तोरणं केली. आरतीच्या ताटांवर रंगवलेल्या साबुदाण्याची कमळं चिकटवली. पाहुण्यांना निघताना नारळ आणि विड्याची पानं घालून देतात त्या तांबूलपिशव्या बाजारातून आणायच्या नाहीत, मीच शिवणार, असं जाहीर करून टाकलं. रोज दुपारी शेजारची मामी कॉफी घेऊन यायची आणि पिशव्यांना नाड्या ओवत बसायची. मी मजेत होते, खोटं कशाला बोलू.

अशा एका दुपारी अम्मा, माझ्या सासूबाई, कापडांच्या ढिगाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढें सगळें कायला करतीस? मी बसणार नाहीं."

कुठे बसणार नाही, हे विचारावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्या मागच्या ओल्या पायरीवरून पडल्या होत्या. हाड जुळलं, पण उजवा हात छातीच्या वर जायचा थांबला. तेव्हापासून त्या घरात नायटी घालतात, वर खांद्याला टॉवेल. सणावाराला कुठे गेल्याच नाहीत. होमापुढे बसायचं तर नऊवारी लुगडंच हवं, आणि नऊवारी नेसायला दोन्ही हात हवेत. बायको शेजारी नसेल तर हे कार्यच होत नाही. म्हणजे त्या नाही म्हणाल्या की संपलं. अप्पा झोपाळ्यावर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही, पण बराच वेळ पानही उलटलं नाही.

"मी नेसवतें की अम्मा," मी म्हटलं. "त्यांत काय?"

"नको," त्या म्हणाल्या. "पंधराव्या वर्षापासून माझें मी नेसतें. लोकांनी नेसवायचें तें एकदांच. तेव्हां मला कळणारही नाहीं."

मामीला मराठी कळत नाही, पण तीसुद्धा नाडी ओवायची थांबली. अम्मा आत गेल्या आणि दार लावून घेतलं. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. सोहळ्याला तीन आठवडे होते.

माझ्या डोक्यात आलेला उपाय तुम्हालाही सुचला असता. शिवलेली नऊवारी. परकरासारखी पायांत घालायची, कमरेला नाडी, निऱ्या आधीच शिवून टाकलेल्या. कोणाचा हात लागायला नको. मामीकडे तशी एक होती, साक्कोट्टैच्या शिंप्याकडून शिवून घेतलेली. ती मी मागून आणली, जमिनीवर पसरली, मापं घेतली आणि ट्रंकेतलं अम्मांचं एक मऊ पडलेलं सुती लुगडं कापायला काढलं. आधी जुन्यावर हात बसवायचा, मग रेशमी लुगड्याला कात्री लावायची, असा बेत होता. कासोट्याची जागा सांभाळून, निऱ्या इस्त्रीनं बसवून, चार दिवसांत ते उभं केलं. माझी मी इतकी खूश झाले की नवऱ्याला बोलावून शिवण आतून दाखवली.

अम्मांनी ते बघू तरी म्हणून आत नेलं. दहा मिनिटांनी बाहेर आल्या. कासोटा अगदी जिथे हवा तिथे, निऱ्या सरळ, चालताना कुठे ओढ नाही. पण काहीतरी भलतंच दिसत होतं आणि काय ते मला कळेना. कळलं ते अप्पांना. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाले, "मामी कधीं आली?"

पदर उजव्या खांद्यावर होता. मामी अय्यर, म्हणजे तमिळ ब्राह्मण. त्यांच्यात नऊवारीचा पदर उजव्या खांद्यावरून घेतात, आमच्यात डाव्या. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुण्यातली आठ वर्षं सोडली तर चाळीस वर्षं दोन्ही तऱ्हा रोज रस्त्यात बघते आहे. पण मापं घेताना टेपवरचे आकडे तेवढे बघितले. अप्पा इतके हसले की झोपाळा हलायला लागला. अम्माही हसल्या, तोंडावर पदर धरून, तोही उजवीकडचा. दोन वर्षांत त्यांना तशा हसताना मी पाहिलं नव्हतं. मामीला बोलावून दाखवलं तर ती कौतुकानं म्हणाली, आता कुठे तुम्ही शोभताय.

मी सगळं उसवून डाव्या खांद्याचं केलं. या वेळी चूक काढायला जागा नव्हती. अम्मांनी ते नेसून बघितलं, आरशापुढे वळून बघितलं, खाली बसून उठून बघितलं. मग नीट घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं.

"बरें झालें आहे," त्या म्हणाल्या. "पण शिवलेलें नेसून होमापुढें बसत नाहींत. सुई लागली कीं मडी गेली."

मडी म्हणजे सोवळं. माझं डोकं फिरलं. "मग रविके? रविके शिवलेली असत नाहीं?" मी माझा ब्लाउज चिमटीत धरून विचारलं.

"रविके निराळी."

"कशी निराळी?"

"निराळी म्हणजे निराळी."

आमच्या घरात एक रीत आहे. कुणी ती लावलेली नाही, पण सगळे पाळतात. खरं भांडण झालं की आम्ही मराठी सोडून तमिळ बोलायला लागतो, बाहेरच्या माणसाशी बोलावं तसं, चांगलं आदरानं. तीन दिवस मी अम्मांशी तमिळमध्ये बोलले. जेवायला या, गोळी घेतलीत का, दार लावून घ्या. त्याही तितक्याच अदबीनं उत्तरं देत होत्या. अप्पा मधल्या मध्ये मराठी बोलत राहिले आणि त्यांना कोणीच धड उत्तर देत नव्हतं.

चौथ्या दिवशी, निदान त्या कापडाच्या पिशव्या तरी होतील, म्हणून मी लुगडं पुन्हा उसवायला घेतलं. उसवलेल्या निऱ्या खाली पडतील अशी माझी समजूत. पण इस्त्रीची घडी इतकी पक्की बसली होती की त्या जागच्या जागी राहिल्या. मी हात थांबवला. टाके होते ते नुसते जागा दाखवायला. कुठे दुमडायचं, किती सोडायचं, कुठे आवळायचं हे कळल्यावर सुईचं काम उरतच नव्हतं. जागा मला आता पाठ होत्या.

मग मी अम्मांचं डाळिंबी रंगाचं रेशमी लुगडं काढलं, माझ्या मुलाच्या लग्नात घेतलेलं. त्याला कात्री लावली नाही, सुई लावली नाही. उसवलेल्या काठांच्या तीन पट्ट्यांची वेणी घालून कमरेसाठी दोर वळला. निऱ्या घातल्या, ओल्या फडक्याखाली इस्त्री फिरवली आणि सुती दोऱ्यानं नुसत्या बांधल्या, केळीच्या पानांची मोळी बांधतात तशा, एका हातानं ओढली की सुटेल अशी गाठ. वरचं टोक दोरावर दुमडून घ्यायचं, दोर डाव्या हातानं आवळायचा, मधल्या निऱ्या मागे नेऊन खोचायच्या. माझ्याच अंगावर मी हे सात-आठदा करून पाहिलं, उजवा हात कमरेशी बांधून. नवरा दारात येऊन बघून गेला.

मी ते अम्मांपुढे ठेवलं आणि मराठीत सांगितलं, "ह्यांत एक टाका नाहीं. शोधून काढा."

त्यांनी खरोखर शोधलं. चष्मा लावून, काठापासून काठापर्यंत, बोटं फिरवून. मग दोर हातात घेतला. "हा काठ माझ्या त्या निळ्या लुगड्याचा कीं गे," एवढंच म्हणाल्या आणि सगळं उचलून आत गेल्या.

त्यानंतर रोज दुपारी त्यांचं दार तासभर बंद असायचं. आतून कधी काठ घसटल्याचा आवाज, कधी खुर्ची सरकल्याचा, कधी स्वतःशीच पुटपुटणं. बाहेर आल्या की नायटीतच असायच्या, केस घामानं चिकटलेले, आणि बांधलेल्या निऱ्या परत इस्त्रीला माझ्याकडे द्यायच्या. जमतंय का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तमिळमध्ये उत्तर आलं असतं.

कार्याच्या दिवशी इन्नंबूरचे भटजी सकाळीच स्कूटरवरून आले. पापनाशमहून माझ्या माहेरची माणसं आली. तोरणांचं सगळ्यांनी कौतुक केलं, मी नको नको म्हणत सगळं ऐकून घेतलं. अम्मा आंघोळ करून खोलीत गेल्या आणि दार लागलं. भटजींनी कलश मांडले, पाटाभोवती रांगोळी झाली, अप्पा नवं धोतर नेसून पाटावर बसले. शेजारचा पाट रिकामा. भटजी घड्याळाकडे बघायला लागले.

मी दाराबाहेर उभी होते. मुठीत चार-पाच पिना घट्ट धरलेल्या. आतून काहीच आवाज नव्हता. शेवटी हलकेच हाक मारली, तर अम्मा दाराच्या अगदी जवळून बोलल्या, "सगळें झालें. पदर राहत नाहीं."

हेच मी हिशेबात धरलं नव्हतं. माझ्यावर करून पाहिलं तेव्हा माझा डावा हात तरुण होता. त्यांचा डावा हात पदर खांद्यापर्यंत नेत होता, पण जड जरीचा पदर पाठीवर ओढून घ्यायला, पिन लावायला दुसरा हात हवा, आणि तो वर जात नव्हता. इतके दिवस त्या हे रोज बघत होत्या आणि मला बोलल्या नव्हत्या. "मी येऊं?" मी विचारलं. दार उघडलं नाही. मला रडू फुटलं. एवढ्या पाहुण्यांत, तोरणाखाली उभी राहून मी रडले.

तेवढ्यात अप्पा पाटावरून उठले. भटजी म्हणाले, एकदा बसलं की उठू नये. अप्पांनी ऐकलं नाही. गुडघ्यावर हात ठेवत ते आले, मला बाजूला हो म्हणाले आणि दार ढकललं. अम्मा खोलीच्या मध्यभागी उभ्या होत्या. कासोटा घट्ट, निऱ्या एकसारख्या, आणि पदर डाव्या हातात गोळा करून धरलेला. अप्पांनी तो त्यांच्या हातातून घेतला, खांद्यावर टाकला, मागे जाऊन ओढून सरळ केला. त्यांची बोटं थरथरतात, त्यांना वेळ लागला. अम्मा नुसत्या उभ्या राहिल्या. "चुण्या सांभाळून," म्हणाल्या, बस्स.

होमाच्या धुरात, उठाबशीत तो पदर चारदा घसरला. मी दर वेळी पिना घेऊन अर्धी उठत होते. चारही वेळा अम्मांनी माझ्याकडे बघितलं नाही. खांदा तेवढा अप्पांकडे वळवला, आणि त्यांनी पदर परत वर ठेवला. चौथ्यांदा तर मंगळसूत्र बांधता बांधता. अप्पांनी एका हातात दोरा धरला, दुसऱ्यानं पदर सावरला, मंत्र म्हणणारे भटजी थांबून राहिले. मी पिना डबीत ठेवल्या आणि डबी मामीच्या हातात दिली.