वेरूळ, अजिंठा आणि मग आम्ही

हिवाळा लागला की झरीच्या बाजारात हरभऱ्याचे ढाळे यायचे आणि आमच्या बालगृहाच्या फाटकात गोरे पाहुणे. ढाळे संपायचे, पाहुणेही जायचे, मागे उरायचे ते किस्से. मी तिथे अकरा वर्षं अधीक्षक होतो. किस्से इतके साठलेत की चहाला कुणी भेटलं की एखादा आपोआप तोंडातून निघतो.

मुंबईची एक संस्था ही मंडळी पाठवायची. भारत फिरायला आलेली, मनाने चांगली माणसं. वेरूळ झालं, अजिंठा झाला की पंधरा दिवस अनाथ मुलांची सेवा! दुभाषा मी, तोही मोडक्यातोडक्या इंग्लिशवर.

*

प्रत्येकाला भिंत रंगवायची असायची. आमचे पत्रे गळतात, हे मी पहिल्याच दिवशी सांगायचो. "येस, येस," म्हणायचे आणि ब्रश मागायचे!

एकाच भिंतीवर तीन हिवाळ्यांत मोर, हत्ती आणि परत मोर झाला. चौथ्या वर्षी एक दाढीवाला साहेब डबा घेऊन उभा राहिला, तेव्हा आमच्या स्वयंपाकीण कौसाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "सर, त्येला म्हणा, मोर काढ, पर पत्र्यावर चढून काढ. भोकं तरी बुजतील!"

*

एक बाई शिक्षणतज्ज्ञ होत्या. मुलांना स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ द्या, असा त्यांचा आग्रह. संध्याकाळी सगळ्यांना ओळीत बसवून त्यांनी माझ्यामार्फत विचारलं, "उद्या काय करायचं, तुम्हीच ठरवा!"

दुसऱ्या दिवशी आमची चौतीसच्या चौतीस मुलं शाळेत गैरहजर. हेडमास्तर घाबरून सायकल मारत आले.

"काय हो, साथ आली का काय?"

"नाही सर," मी म्हणालो, "लोकशाही आली!"

*

एका साहेबाला दिवाळीत फोटो काढायचे होते. मुलं नवे कपडे घालून, चापूनचोपून भांग पाडून तयार. साहेबाचं तोंड पडलं. म्हणाला, "यांचे नेहमीचे कपडे नाहीत का?" वर्षातून एकदा मिळालेले कपडे आणि ते काढा म्हणे! माझं डोकंच फिरलं.

कौसाबाईंना सांगितलं. त्या आत गेल्या आणि पोतेऱ्याला काढलेली गोधडी आणून साहेबाच्या खांद्यावर टाकली. "सर, आता ह्येचाच काढा फोटो. लय झ्याक येतोय!"

*

मार्गारेट नावाच्या पाहुणीचा किस्सा मात्र मला हसत सांगता येत नाही.

शेवंता तेव्हा पाच वर्षांची होती. ताडकळसच्या बाजारात सापडलेली पोर, कुणाशी बोलायची नाही. मार्गारेट तिला कडेवर घेऊन हिंडायची, तिच्या वेण्या घालायची. शेवंताने ते अवघड नाव तीन दिवस घोकून पाठ केलं. तिने कुणाला नावाने हाक मारलेली आम्ही तेव्हाच पहिल्यांदा ऐकली.

मार्गारेट निघणार त्याच दिवशी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत एसटी बंद झाली. बाहेर लोकांची घरं जळायची बातमी यायची, माझा जीव टांगणीला, आणि ही पोरगी खूश! "सर, येस्टी बंदच ऱ्हाऊ द्या न्हं," म्हणायची. जणू ते माझ्या हातात होतं.

चार दिवसांनी एसटी सुरू झाली. "पुढच्या वर्षी येते," म्हणत मार्गारेट रडत रडत गेली. शेवंता रडली नाही. तिने जेवण सोडलं. दुपारच्या गाडीच्या वेळी फाटकाशी जाऊन बसायची. शेवटी परभणीला डॉक्टरकडे न्यावं लागलं, सलाईन लावावी लागली.

"सर," कौसाबाई म्हणाल्या, "पुन्यांदा कुनी ह्या लेकराला कडंवर घेतलं तर मी काम सोडून जाते, सांगून ठिवते!"

मी संस्थेला तीनदा कळवलं की माणसं नकोत, छपराला पत्रे पाठवा. उत्तर आलं नाही. माणसं आली!

*

पुढच्या हिवाळ्यात संस्थेकडून एक नवीनच तरुणी आली. मार्गारेटचा पत्ता नव्हता. ही आली ती थेट शेवंतापुढे गुडघे टेकून बसली. छातीवर हात ठेवून तिने आपलं नाव सांगितलं. चांगलं लांबलचक होतं, म्हणून सावकाश दोनदा सांगितलं. कौसाबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या.

शेवंताने पाहुणीला नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळली.

"सर, ही किती दिस हाय?"

"पंधरा दिवस."

"मंग नाव कशाला पाठ करायचं?"

एवढं बोलून तिने आपलं ताट घेतलं आणि पंगतीत जाऊन बसली. पाहुणी कौतुकाने हसत मला विचारू लागली, "काय म्हणाली ती? काय म्हणाली?"

"जेवायची वेळ झाली म्हणाली," मी सांगितलं.