हात काढा, वकीलसाहेब

अकोल्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात मी नर्स म्हणून लागले, तेव्हा आमचं अमरावतीचं घर माझ्याशी धड बोलत नव्हतं. भिक्षुकाची मुलगी परक्या पुरुषांची अंगं पुसणार, हे कुणाच्याच पचनी पडलं नव्हतं. वडील गेल्यावर घरात भावाचा शब्द चालायचा. त्यामुळे वॉर्डात काही वावगं घडलं तर घरी सांगायची सोय नव्हती. उत्तर ठरलेलं होतं : आम्ही म्हणतच होतो!

आमच्या वॉर्डाच्या टोकाला एक स्पेशल खोली होती. तिथे शहरातले एक नामांकित वकील येऊन पडले होते. टांगा उलटून त्यांची डावी मांडी आणि डावा हात मोडला होता. पाय वजनं लावून टांगलेला, हात प्लास्टरमध्ये. मला काम शिकवणारी थोरली सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाली, "त्या खोलीत खाटेच्या डाव्या अंगानं जात जा."

"उजवीकडे काय आहे?"

"त्यांचा उजवा हात," ती म्हणाली आणि बँडेजच्या पट्ट्या गुंडाळत राहिली.

तिच्या आवाजात राग नव्हता. कुठल्या रस्त्यावर चिखल आहे ते सांगावं, तसं तिनं सांगितलं. सगळ्याजणींना ठाऊक होतं, आणि सगळ्याजणी वळसा घालून जात होत्या.

पण पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायला उजवीकडेच जावं लागे. पहिल्या दिवशी त्यांचा हात माझ्या मांडीला लागला. चुकून लागला असेल, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी तो लुगड्यावरून फिरत वर आला. मी मागे सरकले तर ते हसले. "आजारी माणूस आहे हो बाई. हाताला काय कळतं?"

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. भीती होतीच, पण त्याहून जास्त संताप होता, आणि तो त्यांच्यावर होता तितकाच माझ्या मागे सरकण्यावरही होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी सुई टोचली, आणि हात कमरेवर आला. या वेळी मी हलले नाही. खोलीचं दार उघडं होतं. बाहेर व्हरांड्यात रोग्यांचे नातेवाईक डबे घेऊन बसलेले. मी खणखणीत आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, तुमचा हात माझ्या कमरेवर आहे. काढा."

बाहेरच्या माना दाराकडे वळल्या.

"हळू बोला," ते पुटपुटले.

"हळू कशाला? हात काढा!"

दारात त्यांची बायको उभी होती, हातात डबा. खेड्यातल्या पाटलाच्या घरची बाई. आता ही माझ्यावरच तुटून पडणार, असं वाटलं. तिनं डबा टेबलावर ठेवला, नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बोल बाई, अजून जोरानं बोल. मी इतकी वर्षं, आजलोक हळूच बोलत आली."

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी बोलावलं. थोरली सिस्टर माझ्याबरोबर आली, मी न सांगता.

"प्रतिष्ठित माणूस आहे. आजारात माणसाचा तोल जातो," डॉक्टर म्हणाले. "माफी मागा आणि विषय संपवा."

"साहेब, त्यांचा पाय मोडलाय, डावा हात मोडलाय. उजवा शाबूत आहे आणि डोकंही. मी माफी मागणार नाही."

"मग तुम्हाला बायकांच्या वॉर्डात पाठवतो."

"मला पाठवलंत तर त्या खोलीत दुसरी मुलगी जाईल. तिनं काय करायचं?"

डॉक्टरांनी समोरचे कागद पुढे ओढले. तेव्हा थोरली सिस्टर बोलली. "साहेब, त्या खोलीत आता आमच्यातली कुणीच एकटी जाणार नाही. आणि हात लागला, तर मीही अशीच ओरडेन."

संध्याकाळी डॉक्टरांनी वकीलसाहेबांची खाट मोठ्या वॉर्डात हलवायला लावली, अगदी मधोमध. शेजारी अकोटचा एक म्हातारा शेतकरी होता. मी इंजेक्शन घेऊन आले की तो मुद्दाम उठून बसायचा आणि म्हणायचा, "वकीलसायेब, हात छातीवर ठेवा बरं." सगळा वॉर्ड हसायचा. वकीलसाहेबांची बायको डबा वाढताना मान वर करायची नाही, पण हसू तिलाही आवरायचं नाही.

माझं काम सुटलं नाही, पण पुढे वर्षभर मला कायम केलं नाही. डॉक्टरांच्या लेखी मी उद्धट होते.

गोष्ट अमरावतीपर्यंत पोचली. भाऊ एस.टी.नं आला आणि दवाखान्याच्या फाटकातच म्हणाला, "सामान बांध. नोकरी सोड. लोक तोंडावर बोलतात."

"मी काहून सोडू? त्यांनी वकिली सोडली का?"

 मी त्याला कँटीनमध्ये चहा पाजला, चांदूर रेल्वे गावच्या मावशीची खुशाली विचारली आणि ड्यूटीवर गेले.